पड आणि पडीक

पाणसळ कशी लावतात ते मला येतं, असं मी चारचौघांत बोलून गेलो. येत नव्हतं. दापोडीच्या ज्या वर्कशॉपात मी कारकुनी करत होतो तिथल्या एका गवंड्याच्या हातात मी ती बघितली होती, एवढाच माझा आणि पाणसळीचा संबंध. फूटभर लाकडी पट्टी, तिच्या मध्यावर काचेची नळी, नळीत एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की जागा सपाट. यात न येण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं.

एका शनिवारी मी ती मागून आणली, टॉवेलात गुंडाळून, सायकलच्या हँडलला बांधून. आणि अमावस्येच्या सकाळी आमच्या टेकाडावर गावातली तीस-चाळीस माणसं कुदळी-फावडी घेऊन माझ्याकडं बघत उभी असताना मी ती जमिनीवर ठेवली. बुडबुडा मधोमध आला. मी चुन्याची रेघ मारली. पुढं सरकलो, पुन्हा ठेवली, पुन्हा रेघ. उताराला आडवा चर खणायचा होता, म्हणजे वरून येणारं पाणी त्यात अडेल आणि जागच्या जागी जिरेल. दुपारपर्यंत शंभरेक पावलं चर झाला. मग पाटलांनी बायकांना सांगून खालच्या विहिरीतून दहा-बारा घागरी पाणी आणवलं आणि चरात ओतलं. त्यातल्या दोन घागरी माझ्या बायकोच्या डोक्यावरून आल्या होत्या.

पाणी थांबलं नाही. ते कुणीतरी बोलावल्यासारखं चराच्या एका टोकाला गेलं, तिथून बाहेर पडलं आणि खाली जिथं मी माझ्या वहाणा काढून ठेवल्या होत्या तिथं जाऊन साचलं.

"भाऊसाहेब," पाटील म्हणाले, "पानी तुमच्या वाटंनं दापोडीला निगालं जनू."

पट्टी एका फुटाची आणि टेकाड अर्ध्या मैलाचं. फुटाफुटाला केसभर चुकलं तरी शेवटी किती चुकतं, हा हिशेब मला तिथं उभ्या उभ्या समजला.

आमच्या घरात भाचे-पुतणे जमले की हा किस्सा मला सांगायला लावतात. मी सांगतो, ओल्या वहाणा घालून टेकाड कसं उतरलो त्याची नक्कल करून दाखवतो, सगळे हसतात, आणि मी तिथंच थांबतो. पुढचं मी कधी सांगितलं नाही. त्यात हसण्यासारखं फार कमी आहे, आणि जे आहे ते मलाच हसण्यासारखं आहे. ते इथं लिहून ठेवतो.

आमचं गाव भोसरीच्या पलीकडं, चाकणच्या रस्त्यापासून जरा आत. पन्नास साल उलटून गेलं होतं. पिंपरीच्या बाजूला एखाददुसरं धुराडं दिसू लागलं होतं, पण आमच्याकडं अजून ज्वारी-बाजरी आणि मी. मी म्हणजे गावातला एकटा नोकरदार. रोज सायकलनं दापोडीला जायचं आणि परत यायचं. अक्षर बरं होतं, म्हणून गावाचे सगळे अर्ज माझ्याकडं यायचे, आणि अर्ज लिहितो म्हणून थोरामोठ्यांपासून सगळे मला भाऊसाहेब म्हणायचे. आधी थट्टेनं. नंतर मला ते खरंच वाटायला लागलं.

गावाच्या डोक्याशी टेकाड होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत त्याच्यावरची झाडं खडकीच्या वखारीत गेली. आम्हीच तोडली, आमच्याच गाड्यांतून नेली. पुढं वखारवाल्याला शिव्या देताना आम्ही ते विसरायचो. माझ्या लहानपणी टेकाडाखालचा ओढा होळीपर्यंत वाहायचा. आता दिवाळी झाली की पंधरा दिवसांत वाळू उघडी पडायची, आणि उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी पोहरा घासल्याचा आवाज यायचा.

टेकाड पुन्हा झाकायचं, चर मारायचे, झाडं येऊ द्यायची, असं मारुतीच्या देवळात ठरलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, इर्जिक करू. इर्जिक म्हणजे आमच्याकडची जुनी रीत. एखाद्याचं रान नांगरायचं राहिलं की सगळे आपापले बैल घेऊन त्याच्याकडं जातात, एका दिवसात काम उरकतात, आणि ज्याचं रान तो सगळ्यांना जेवू घालतो. अमावस्येला आमच्याकडं बैलांना जुंपत नाहीत, म्हणून दर अमावस्येला माणसांनी स्वतःला जुंपायचं ठरलं. घरटी एक माणूस. सगळं जुळलं आणि मग एक अडचण निघाली. ज्याचं रान त्याचं जेवण. टेकाड गायरान, म्हणजे कुणाचंच नाही. मग जेवण कुणी घालायचं?

यावर बराच वेळ सगळे देवळाच्या खांबांकडं बघत बसले. तेव्हा मागून आबा म्हणाले, "माझं बोकड घ्या."

आबा धनगर. गावाच्या वरच्या अंगाला, टेकाडाला टेकून त्यांचं एकच घर. चाळीसेक शेरडं, थोडी मेंढरं, आणि ती सगळी त्याच टेकाडावर चरणारी. टेकाड झाकायचं म्हणजे चराई बंद करायची. म्हणजे कुणाची, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच आबांना तोंडावर सांगत नव्हतं. पाटीलसुद्धा आडून आडून बोलत होते. त्या सगळ्यांचं जेवण आबांनी आपल्या अंगावर घेतलं.

तर त्या पहिल्या अमावस्येला, माझं पाणी वहाणांपाशी जाऊन थांबल्यावर, इतका वेळ दगडावर उकिडवे बसलेले आबा उठले.

"भाऊसाहेब, त्यो बुडबुडा ऱ्हाऊ द्या. हिकडं या."

त्यांनी मला टेकाडाच्या कुशीला नेलं आणि काठीनं दाखवलं. उतारावर आडव्या, बारीक, एकीवर एक अशा वाटा होत्या. जन्म त्या गावात गेला, पण मला त्या पहिल्यांदा दिसल्या.

"शेरडू चरताना चढत न्हाई आन उतरत बी न्हाई," आबा म्हणाले. "आडवं जातं. पाय सारखा पडाया लागतो त्याला. माझ्या आज्याच्या आदीपासनं चालून चालून रेघा मारून ठेवल्यात त्येंनी. ह्येच्यावर खना."

आम्ही तिथं दहा पावलं खणलं. पाणी ओतून बघायचं ठरलं तेव्हा बायको म्हणाली, "आता तुम्ही आणा." मी दोन घागरी आणल्या, त्यातली एक वाटेत अर्धी सांडली. उरलेलं पाणी चरात ओतलं. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलं आणि तिथंच बसून राहिलं, आणि आम्ही सगळे बघत असताना हळूहळू जमिनीत गेलं.

म्हणजे चरांची आखणी शेळ्यांनी केली, आणि त्याच दिवशी बोकडाचं जेवण जेवून शेळ्यांना टेकाड बंद केलं. हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या तर नाहीच, कारण मी उभा राहून भाषण करत होतो. तीन वर्षं टेकाडावर ढोर नाही, शेरडू नाही, कुऱ्हाड नाही. आणि चौथ्या वर्षीचं पहिलं गवत आबांचं. कापून न्या, चारा, तुमची मर्जी. "हा गावाचा शब्द," मी म्हणालो, आणि टाळ्या पडल्या म्हणून आणखी म्हणालो, "आणि माझा."

आबा फक्त म्हणाले, "तीन वरसं पड टाकू. मानसाला बी निजाया लागतं."

पुढच्या आठवड्यात त्यांनी शेरडं चाकणच्या बाजारात विकली. मेंढरं भावाच्या कळपात भीमेकडं धाडली. दारात पाच शेळ्या ठेवल्या, त्यांना शेवरीचा पाला आणून घालायचे. चौथ्या वर्षी गवत हातात आलं की पुन्हा कळप उभा करायचा, असा त्यांचा बेत होता. तोवर हातातली काठी तीच, पण आता ती शेळ्या टेकाडावर घालायला नाही, खाली हाकलायला.

आणि राखलं त्यांनी. पाटलांचा बैल हाकलला, पाटलांना बोलले. माझी गाय दोनदा कोंडवाड्यात घातली. मी विचारलं, "आबा, माझी सुद्धा?" तर म्हणाले, "तिला कुटं ठाव हाय, ती भाऊसाहेबाची हाय म्हून." गाय सोडवून आणायला बायकोच गेली. मला दापोडीला जायचं होतं.

अमावस्येमागून अमावस्या चर वाढत गेले. दर खेपेला कुणीतरी जेवण घालायचं. टेकाडाचे मालक असे आळीपाळीनं बदलत राहिले. बायका कडुनिंबाच्या आणि करंजाच्या बिया शेणामातीच्या गोळ्यांत घालून चरांच्या कडेला पुरायच्या. पण खरी झाडं आली ती आम्ही न लावता. मेलेले समजून आम्ही ज्यांच्यावर बसून तंबाखू मळत होतो त्या खुंटांना धुमारे फुटले. धावडा, हिवर, सीताफळ. दुसऱ्या वर्षी ओढा संक्रांतीला वाहत होता. तिसऱ्या वर्षी शिवरात्रीला आमच्या बायकोनं ओढ्यात गोधडी धुतली आणि घरी येऊन कुणाला काही न बोलता ती वाळत घातली. मी बघितलं. तिनंही मला बघताना बघितलं.

त्याच वर्षी एकदा आबांनी मला वर बोलावलं. "ही कुसळी," ते म्हणाले. "धोतराला चिकटती ती. ही मागं सरतीया. आन ही बघा. ही मारवेल."

मी वाकून बघितलं. मला दोन्हीकडं गवतच दिसलं.

"वळखू येतीया का?"

"हो, येते की," मी म्हणालो.

"मारवेल आली म्हंजी जिमीन जागी झाली. शेरडू हिच्यासाठनं चार कोस येतं. पर ही एका जागी आली की लांबपतूर जायाला वरसं लावती. ठोंब लावाया लागत्यात." त्यांनी एक झुबका मुळासकट उपटला, मुळं ओल्या फडक्यात धरली, आणि चराच्या बांधावर चार बोटं खड्डा करून त्यात बसवला. "आसं." पुढच्या अमावस्येला बायकांनी सगळ्या बांधांवर ठोंब लावले. माझी बायको त्यात होती. मी त्या दिवशी जेवणाच्या व्यवस्थेवर होतो.

आता अर्जाकडं येतो.

झालं असं की जंगलखात्याचा एक गार्ड सायकलवरून जाता जाता टेकाडाकडं बघून थांबला. चांगला माणूस होता. वरपर्यंत चढून आला, सगळं बघितलं आणि खुशीत म्हणाला, "झकास राखलंय. हे तर राखीव करायला पाहिजे." त्याला बिचाऱ्याला वाटलं, आपण शाबासकी देतोय. पण राखीव म्हणजे काय, हे पलीकडच्या गावाकडं बघून आम्हाला माहीत होतं. सरकारचे हद्दीचे दगड येतात, आणि मग वाळली काटकी उचलली तरी दंडाच्या पावतीची गोष्ट निघते. चौथ्या वर्षीचं गवत तर लांबच.

त्याच सुमारास विकासाच्या कचेरीतून रोपं मिळणार म्हणून कळलं, त्यासाठी गावाचा अर्ज हवा होता. छापील कागद. त्यात एक रकाना: जमिनीचा प्रकार व सध्याचा उपयोग. देवळात सगळे जमले आणि मी टाक घेऊन बसलो.

"गायरान लिवा," पाटील म्हणाले, "चराईचं."

"चराई लिहिली तर रोपं कशी देतील?" मी म्हणालो. "म्हणतील, गुरंच खातील."

"मंग राखलेलं लिवा."

"राखलेलं लिहिलं की राखीव होतंय. गार्ड काय म्हणाला ते ऐकलं ना?"

आबा म्हणाले, "पड हाय म्हना की. आमी पड टाकलंय. खरं त्येच हाय."

आता शेतकऱ्याच्या तोंडात पड म्हणजे मुद्दाम निजवलेली जमीन. पुढं काही व्हावं म्हणून आज तिच्यात काही करायचं नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी सरकारी वर्कशॉपातला कारकून. पड हा शब्द मला कागदावर अर्धा वाटला, गावंढळ वाटला. त्याला व्यवस्थित शेपूट हवं होतं. मी लिहिलं, "पडीक." वळणदार, प च्या पोटात छान गोलाई. मग थोडी जागा उरली होती. त्या जागेत मी माझ्या अकलेनं आणखी एक शब्द घातला, "निरुपयोगी." आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.

"निरुपेगी म्हंजी?" आबांनी विचारलं.

"ते कागदापुरतं, आबा. लेकराला दृष्ट लागू नये म्हणून गालावर काळी तीट लावतात ना, तसं. सरकारनं वाचलं की म्हणेल, कशाला बघायचं तिकडं. ना जंगलखातं, ना कुणी."

देवळात हशा पिकला. पाटील मांडीवर थाप मारून म्हणाले, "भाऊसाहेब, हापिसाचं मीठ खाल्लं ते कामी आलं." सगळ्यांनी सह्या केल्या, ज्यांना येत नव्हत्या त्यांनी अंगठे दिले. आबांचा अंगठा शेवटी. शाईत बुडवताना ते म्हणाले, "लावा मंग तीट."

घरी आल्यावर मी तिटीचं बायकोला मोठ्या तोंडानं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा भाकरीकडं बघितलं. मला वाटलं, कौतुकानं.

चौथं वर्ष उजाडलं. भाद्रपदात टेकाड असं भरलं होतं की चर दिसेनात. आबांनी दसऱ्यानंतरचा दिवस धरला होता. विळे लोहाराकडून धार लावून आणले होते, भीमेकडं भावाला निरोप गेला होता. आणि तेव्हा टेकाडाखाली एक जीप येऊन उभी राहिली.

तिच्यातून एक ओव्हरसिअर उतरला. पिंपरीच्या अलीकडं एक कारखाना होणार होता, तिथल्या खोल जमिनीत भर घालायला आणि रस्त्याला मुरूम हवा होता. तो आमच्याशी नीट बोलला. वर चढला, गवत बाजूला सारून एका चरात उतरला, कडेचा मूठभर मुरूम घेऊन हातात चोळला.

"फार साफ माल आहे," तो म्हणाला. "आम्ही ठिकठिकाणी खड्डे घेऊन बघतो. इथं तुम्ही टेकाडभर खणून ठेवलंय, खड्डा घ्यायचंच काम नाही."

पाटील म्हणाले, "साहेब, हे गावानं राखलंय."

"कागदावर तर तसं नाही," त्यानं पिशवीतून एक नक्कल काढली. "तुमच्या गावानंच लिहून दिलंय. पडीक, निरुपयोगी."

नक्कल दुसऱ्या कारकुनाच्या हातची होती, पण त्यानं माझ्या प ची गोलाईसुद्धा उचलली होती. सगळे माझ्याकडं बघू लागले. त्या क्षणापर्यंत तो अर्ज गावाचा होता.

आम्ही तालुक्याच्या कचेरीत गेलो. पाटील, आबा आणि मी. तिथल्या भाऊसाहेबांनी, म्हणजे खऱ्या भाऊसाहेबांनी, फाईल काढली.

मी म्हणालो, "यात शब्दाची चूक झाली आहे. पडीक नव्हे, पड म्हणायचं होतं."

"पड म्हणजे पडीकच ना?"

"नाही. पड म्हणजे विश्रांतीला टाकलेली. मुद्दाम."

"बरं," ते म्हणाले. ते रागावले नव्हते. त्यांनी बोट खाली सरकवलं. "आणि निरुपयोगी?"

मी वाकून तो शब्द पहिल्यांदाच वाचत असल्यासारखा वाचला.

"हा पण शब्द चुकून आला का?"

खोलीत पंखा फिरत होता. आबा माझ्याकडं बघत होते, रागानं नाही, तर एखादं जित्राब कुठं दुखतंय ते बघावं तसे. आता हा काहीतरी सांगेल, असं त्यांना वाटत होतं. तीट म्हणून लावलं, असं तिथं सांगता येत नव्हतं. जंगलखात्याला चकवायला लिहिलं, असंही सांगता येत नव्हतं. मी म्हणालो, "लिहिण्याच्या ओघात आला."

"मग अंगठे?" भाऊसाहेबांनी विचारलं. "तेही ओघात?" आणि त्यांनी फाईल बांधली.

संध्याकाळी घरी मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाळंतीण निजली होती. तुम्ही ती गेली म्हणून लिहून दिलंत." आणि ताट वाढलं.

पुढं गाव एकवटलं असं लिहायला मला आवडलं असतं. दोन अमावस्यांना देवळात सभा भरल्या. पहिलीला सगळे होते. दुसरीला अर्धे, कारण बाकीचे टेकाडावर लॉऱ्या भरत होते. मुरूम खणायला माणसं लागत होती, आणि आमच्या माणसांना ते टेकाड खणायचं वळण होतं. त्याच कुदळी, तीच फावडी. इर्जिकीला घरटी एक माणूस यायचा, इथं दोन-दोन जाऊ लागले. पाटलांच्या गाड्या लागल्या. कुणी विचारलं तर उत्तर तयार होतं: "आमच्या हातात काय हाय? भाऊसाहेबांनी लिवलं." ते खोटं नव्हतं, म्हणून आणखी सोयीचं होतं. मी चार अर्ज लिहिले, एकाहून एक सुंदर अक्षरात. त्यांची उत्तरं आली नाहीत.

मुरूम काढणाऱ्या ठेकेदारानं आबांना निरोप पाठवला की गवत हवं असेल तर चार दिवसांत कापून घ्या, आमचं काही म्हणणं नाही, लॉरीची वाट त्याच अंगानं काढायची आहे. मी धावत त्यांच्याकडं गेलो. म्हटलं, "आबा, निदान गवत तरी पदरात घ्या. मी येतो कापायला, रजा काढतो."

आबा विळ्यांना तेल लावून फडक्यात बांधत होते.

"गवत न्हाई मागितलं म्या," ते म्हणाले. "चौथं वरीस मागितलं हुतं."

त्यांनी एक पेंढीसुद्धा कापली नाही. लॉऱ्या मारवेलीवरून गेल्या. दोन वर्षांत टेकाडाच्या जागी खड्डा झाला, त्यात हिरवट पाणी साचलं. ओढा पुन्हा दिवाळीला आटू लागला, आणि मुरमाच्या धुळीनं विहिरीच्या पाण्यावर तांबूस साय धरू लागली.

कारखाना उभा राहिला तेव्हा त्यांना टाइम ऑफिसात चांगल्या अक्षराचा कारकून हवा होता. मी अर्ज केला. त्या अर्जाचं मात्र उत्तर आलं. घरापासून जवळ, दापोडीची रपेट वाचली. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जवळ आहे, हे खरं," एवढंच.

पहिल्या दिवशी फाटकातून आत शिरताना खाकी कपड्यातल्या वॉचमननं माझी सायकल अडवली आणि मग सोडली. आबा होते. पाटलांनी शब्द टाकून त्यांना लावून दिलं होतं. डोक्याला मुंडासं नव्हतं, टोपी होती, म्हणून मला ओळखायला वेळ लागला.

"आबा, तुम्ही?"

"राखनच हाय, भाऊसाहेब," ते म्हणाले. "काटी बी दिलीया."

त्यानंतर रोज सकाळी ते फाटक उघडायचे आणि मी आत जायचो. एवढ्या वर्षांत ते मला एकदाही टोचून बोलले नाहीत. टोचलं असतं तर मी काहीतरी उत्तर तरी तयार ठेवलं असतं. कारखान्याच्या तारेच्या कुंपणाशी, जिथं आमच्या टेकाडाचा मुरूम टाकून भर घातली होती तिथं, एका पावसाळ्यानंतर थोडं गवत उगवलं. मी ते बघितलं नव्हतं. मला गवत गवतासारखंच दिसतं.

एक दिवस सुटी झाल्यावर आबांनी मला थांबवलं आणि खोपटातून एक गाठोडं काढलं. ओल्या गोणपाटात बांधलेली गवताची मोळी, फार मोठी नाही. "घरी न्या," म्हणाले, आणि दुसऱ्या कुणासाठी फाटक उघडायला गेले.

सगळ्या रस्त्यात मी सायकलवर ठरवत होतो, हे म्हणजे त्यांनी मला माफ केलं. ज्या गाईला दोनदा कोंडवाडा दाखवला तिच्यासाठी स्वतःच्या हातानं चारा पाठवला. गोणपाट ओलं का, हा प्रश्न मला पडला. सुकू नये म्हणून असेल, असं मी त्याचं उत्तरही दिलं. घरी आल्या आल्या बायकोला हाक मारली, आबांनी काय दिलंय बघ म्हणालो, आणि गोठ्यात जाऊन गाठ सोडून मोळी गाईपुढं टाकायला लागलो.

बायको मागून आली. तिनं माझ्या हातातून ती काढून घेतली, गोणपाट पूर्ण उलगडलं आणि बुडखे उलटे करून बघितले.

"अहो, चारा नाही हा," ती म्हणाली. "मुळं आहेत याला. मारवेलीचे ठोंब आहेत, लावायला दिलेत." मग टेकाड जिकडं होतं तिकडं एकदा बघून तिनं मोळी माझ्या हातात परत दिली. "आता कुठं लावता, ते सांगा."